दंवातली फुलं, जूनमधली फळं

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे हॅस्कॅपबद्दल. बोटाच्या पेराएवढं, लांबुळकं, निळंजांभळं आणि आंबटगोड असं हे फळ. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात ते जूनमध्येच तोडणीला येतं, तिथल्या स्ट्रॉबेरीच्याही आधी.

थंड मुलखात लवकर फळ हवं तर झाडाने लवकर फुलायला हवं, आणि लवकर फुललं की दंवाने फुलं जळतात. हॅस्कॅपपुरता हा पेच निसर्गानेच सोडवलाय. त्याची उमललेली फुलं उणे ७ अंश सेल्सिअसलाही तग धरतात. मग वाण तयार करणाऱ्यांना काम काय उरलं? भरपूर! रशियातली जुनी वाणं लवकर पिकत, पण काही कडवट, तर काहींची फळं पिकताच गळायची. याच प्रांतातल्या सस्कॅटून शहराच्या विद्यापीठात फळांचे वाण-संशोधक बॉब बोर्स यांनी रशियातली, कुरील बेटांवरची आणि जपानमधली झुडपं गोळा केली, संकर केले, आणि हजारो रोपांची फळं चाखत निवड केली. हेवा वाटावा असं काम, पण सगळीच फळं गोड नसतात, हे ध्यानात घ्या.

२००७ मध्ये ‘टुंड्रा’ आणि ‘बोरियालिस’ ही दोन वाणं बाहेर पडली. टुंड्राचं फळ घट्ट, म्हणून यंत्राने तोडता येतं. बोरियालिसचं मोठं पण मऊ, परसबागेत हाताने तोडावं असं.

नवखा बागाईतदार फसतो तो रंगाला. साल निळी झाली तरी आतला गर हिरवाच असतो, आणि तेव्हा तोडलेलं फळ तोंड वाकडं करायला लावतं. फळ कापून गर लालजांभळा झालाय का, ते बघायचं.

लवकर येण्याचा आणखी एक फायदा म्हणजे कोवळ्या सालीच्या फळांत अंडी घालणारी ठिपक्यांच्या पंखांची फळमाशी वाढायच्या आत तोडणी उरकते. पक्ष्यांपासून मात्र सुटका नाही, जाळी लावावीच लागते.

आणि गंमत बघा, लवकर पिकणारं फळ हाती आल्यावर हंगाम लांबवायला त्याच विद्यापीठाने मुद्दाम उशिरा पिकणारी वाणं काढली, ‘बोरियल ब्यूटी’ आणि ‘बोरियल बीस्ट’. हॅस्कॅपला फळ धरायला दुसऱ्या वाणाचे परागकण लागतात, तेही एकाच वेळी फुलणाऱ्या. म्हणून ही दोघं शेजारी-शेजारीच लावतात.