ज्युरीकडून ‘नाही’ आल्यावर

(शिकागो परिसरातल्या मराठी क्विल्टकार मैत्रिणींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून. क्विल्ट म्हणजे कापडाचे थर टाक्यांनी एकत्र शिवून केलेली नक्षीदार गोधडी; ज्युरी म्हणजे प्रदर्शनासाठी कामं निवडणारं मंडळ.)

मैत्रिणींनो, आपण प्रदर्शनाला क्विल्ट पाठवतो, महिना-दोन महिने वाट बघतो आणि मग चार ओळींची ई-मेल येते: यंदा आपली निवड होऊ शकली नाही. त्या ई-मेलमध्ये कारण दिलेलं नसतं. मग ते आपणच शोधत बसतो, आणि जे सापडतं ते सगळं आपल्याच विरुद्ध असतं. टाके कमी पडले असतील, रंग कळत नसतील, मुळात आपल्याला हे जमतच नसेल. वाईट वाटतं, आणि ते वाटू द्यावं. वर्षभर घर-नोकरी सांभाळून रात्री बसून जे केलं त्याला कुणी नाही म्हटलं तर दुसरं काय वाटणार? पण निवड कशी होते हे नीट समजून घेतलं, तर तो नकार जेवढा आहे तेवढाच राहतो. त्याची वाढ होत नाही. म्हणून आज त्याबद्दलच बोलते.

पहिली गोष्ट म्हणजे ज्युरीने तुमची क्विल्ट पाहिलेलीच नसते. बहुतेक मोठ्या प्रदर्शनांत निवड होते ती फोटोंवरून: एक पूर्ण क्विल्टचा, एक जवळून घेतलेला. बनवणाऱ्याचं नाव झाकलेलं असतं. तीन माणसं पडद्यावर एकामागून एक शेकडो फोटो बघतात, पहिल्या फेरीत प्रत्येकाला मिळतात काही सेकंद. कापडाला हात लावून, मागची बाजू उलटून, बाईंडिंग, म्हणजे कडेची पट्टी, चाचपून जे परीक्षण होतं ते नंतर, निवडलेल्या क्विल्ट्सचं. म्हणजे ज्या टाक्यांसाठी तुम्ही स्वतःला दोष देताय, ते टाके बहुधा कुणी पाहिलेलेच नाहीत.

आता गुणांचं बघा. समजा तीनही ज्युरर एक ते पाच गुण देतात. एक क्विल्ट दोघांना इतकी आवडली की त्यांनी पाच-पाच दिले; तिसऱ्याला ती अजिबात पटली नाही, त्याने एक दिला. बेरीज अकरा. दुसरी क्विल्ट तिघांनाही बरी वाटली, चार-चार-चार. बेरीज बारा. निवडीची मर्यादा बारा गुणांवर लागली तर दोन माणसं जिच्या प्रेमात पडली तीच क्विल्ट बाहेर राहते. जे काम ठाम असतं, ज्याच्यावरून वाद होऊ शकतो, त्याला ही पद्धत जरा महाग पडते. त्यात भिंत मोजकी असते. आधीच तीन निळ्या तारा-क्विल्ट्स निवडल्या गेल्या असतील तर चौथी कितीही सुंदर असो, तिला जागा मिळणं कठीण. हे ई-मेलमध्ये कुणी लिहीत नाही.

आपण शिकागोत आहोत, म्हणून 1933 सालची गोष्ट सांगायलाच हवी. इथल्या ‘सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस’ जागतिक मेळ्याच्या निमित्ताने सीअर्स कंपनीने राष्ट्रीय क्विल्ट स्पर्धा घेतली. पहिलं बक्षीस हजार डॉलर, तेही मंदीच्या ऐन काळात. 24,000 हून अधिक क्विल्ट्स आल्या. मेळ्यात अंतिम फेरीच्या म्हणून लागल्या फक्त 30. बाकीच्या हजारो बायकांना नकारच मिळाला. पहिलं बक्षीस मिळवणारी क्विल्ट मेळ्याच्या प्रगतीच्या विषयावर असली तर आणखी दोनशे डॉलर मिळतील असं जाहीर केलं होतं. त्या ओढीने कितीतरी जणींनी गगनचुंबी इमारती, आगगाड्या, विमानं असं स्वतःचं डिझाइन काढलं. परीक्षकांनी पहिलं बक्षीस दिलं ते पारंपरिक तारा-नमुन्याला, आणि ते दोनशे डॉलर कुणालाच मिळाले नाहीत.

पुढचं ऐकून तर मला आजही राग येतो. विजेती होती लेक्सिंग्टन, केंटकीची मार्गारेट रॉजर्स केडन. त्या क्विल्टमध्ये तिचा स्वतःचा एकही टाका नव्हता. दुसऱ्या बायकांनी मजुरीवर ती शिवली होती, आणि काम जाईल या भीतीने त्या गप्प राहिल्या. कित्येक दशकांनी क्विल्टच्या इतिहासावर काम करणाऱ्या बार्बरा ब्रॅकमन आणि मेरीके वॉल्डव्होगेल या दोघींनी हे खणून काढलं. ती विजेती क्विल्ट एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट दिली गेली. पुढे तिचा पत्ता लागला नाही. आणि त्या वेळी डावललेल्या, प्रगतीच्या विषयावरच्या क्विल्ट्स? त्याच आज संशोधक शोधत फिरतात, त्यांचीच प्रदर्शनं भरतात.

निकष बदलतात, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत बदललेत. एकेकाळी प्रदर्शनात मशीनने क्विल्टिंग, म्हणजे थर जोडणारी टाक्यांची नक्षी, केलेल्या कामाला हाताच्या कामाखालीच धरत. 1989 साली केंटकीतल्या पॅड्युकाला, अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात, कॅरिल ब्रायर फॅलर्टच्या ‘करोना टू: सोलर एक्लिप्स’ला सर्वोत्कृष्ट क्विल्टचं बक्षीस मिळालं. मशीन क्विल्टिंगला तिथे हा मान पहिल्यांदाच मिळाला. ती तेव्हा आपल्या इलिनॉयमधलीच, विमानात फ्लाइट अटेंडंट होती. केवढा वाद झाला त्यावरून! ही फसवणूक आहे इथपर्यंत लोक बोलले. आज मोठ्या प्रदर्शनांत मशीनच्या कामाला वेगळी बक्षिसं असतात. 1989 च्या आधी ज्यांची मशीनची कामं परत आली, त्यांचं काम वाईट होतं का? फक्त वर्ष चुकीचं होतं.

काही जणींनी तर वाटच पाहिली नाही. नॅन्सी क्रो, फ्रांस्वाज बार्न्स आणि व्हर्जिनिया रँडल्स यांच्या पुढाकाराने 1979 मध्ये ओहायोतल्या अथेन्स गावी, एका जुन्या गोठ्याच्या इमारतीत ‘क्विल्ट नॅशनल’ सुरू झालं, कारण त्यांच्या तऱ्हेच्या क्विल्ट्स लावायला जागाच नव्हती. आज तिथे काम लागणं हा मोठा मान समजतात, आणि तिथूनही दर दोन वर्षांनी शेकडो लोकांना नकार जातोच.

आपल्यातल्या ज्या गोधडीच्या अंगाने काम करतात त्यांना एक खास सांगते. जुन्या साड्यांचे थर, जाड दोरा, कडेपासून आत जाणारा धावदोरा, हे काम इंचाला दहा-बारा टाके मोजणाऱ्या विभागात पाठवू नका. तिथे ते कच्चं वाटतं. ते कच्चं नाही. तिथे मोजपट्टीच वेगळी आहे. आर्ट क्विल्ट किंवा खास तंत्राचा विभाग बघा. आणि फक्त सोबतच्या निवेदनावर विसंबू नका, कारण पहिल्या फेरीत ते नेहमीच वाचलं जातं असं नाही. जे सांगायचं ते फोटोत दिसलं पाहिजे.

फोटोचं मात्र खरंच मनावर घ्या. क्विल्ट सरळ टांगा, चारही कडा दिसू द्या, मागे साधी भिंत ठेवा. पूर्ण फोटोला दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश. जवळच्या फोटोला एकाच बाजूने तिरका, म्हणजे क्विल्टिंगचा उठाव दिसतो. समोरून फ्लॅश मारला की सगळं काम सपाट होऊन जातं. कॅमेरा क्विल्टच्या बरोबर मध्यासमोर नसेल तर चौकोन तिरका दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं क्विल्टच वाकडी आहे.

नकार आल्यावर आठवडाभर काहीच करू नका. ज्युररला पत्र तर मुळीच नको. मग निवडलेल्या क्विल्ट्स बघा, शक्य असेल तर प्रत्यक्ष जाऊन. त्यांच्या शेजारी आपली कुठे बसली असती असं मनात लावून बघा. कधी लक्षात येतं की ती त्या भिंतीवर परकीच दिसली असती. मग तारखा तपासा: क्विल्ट अमुक वर्षानंतर पूर्ण झालेली असावी, आधी कुठे लागलेली नसावी, अशा अटी असतात, म्हणून पुढचं प्रदर्शन लवकर ठरवा. आणि गिल्डच्या, म्हणजे स्थानिक क्विल्ट-मंडळाच्या, प्रदर्शनाला कमी लेखू नका. बऱ्याच गिल्डमध्ये सभासदांचं काम निवडीशिवाय लागतं, आणि परीक्षण असेल तर शेरे लिहून मिळतात: बाईंडिंग काठोकाठ भरलेलं नाही, कोपरे शिवून बंद करा, खालच्या दोऱ्याचा ताण बघा. असे शेरे त्या चार ओळींच्या ई-मेलपेक्षा शंभरपट उपयोगाचे, कारण ते वाचून उद्या सकाळी काहीतरी करता येतं.

ज्यांनी फोनमध्ये एंट्रीचे फोटो आणलेत त्यांनी चहानंतर इथेच थांबा. ते आपण पडद्यावर लावू, प्रत्येकाला पाच-पाच सेकंद, नावं झाकून, आणि काय दिसतं ते एकमेकींना सांगू.