फरशीच्या खाली

(दृश्य: पुण्यातली जुनी सोसायटी, तिसरा मजला. उखडलेलं बाथरूम.)

आईबाबांच्या बेडरूमचं हे बाथरूम. पाच फूट बाय आठ. १९९४ साली फ्लॅट घेतला, तेव्हापासून नळाचे वायसर सोडले तर इथं काही बदललं नव्हतं. मग खालच्या काकूंच्या छताला डाग आला. आधी बशीएवढा, पावसाळ्यात परातीएवढा. एका ठेकेदारानं फटींत व्हाइट सिमेंट भरून पैसे घेतले. सहा महिन्यांत डाग परत हजर. बाबा म्हणाले, "फरशाच बदलून टाकू." बाथरूमला डिझायनर कशाला हवा, हे त्यांना कळेना. खरं सांगायचं तर मलाही.

(दृश्य: भिंतीवरची पेन्सिलीची फुली.)

डिझायनर ताई आल्या त्या टेप आणि पेन्सिल घेऊन. आईला त्यांनी कमोडच्या बंद झाकणावर बसवलं. "काकू, आता उठा बघू. नेहमी उठता तशाच." आई उठली, आणि उजवा तळवा आपसूक भिंतीला टेकला. तिथं फुली पडली. आणखी दोनदा उठवलं. हात तिथंच. पुढे स्टीलचा दांडा बसला तो याच फुलीवर.

मग बाबांची पाळी. "काका, शॉवर की बादली?" बाबा जन्माचे बादलीवाले. ताईंनी बादली मागवली, तिच्यात तांब्या धरला आणि नळाची उंची त्यावरून ठरवली. फोटोतल्या बाथरूममध्ये बादली कधी नसते. आमच्याकडे दोन असतात.

(दृश्य: गोण्यांतून खाली उतरणारा राडारोडा.)

बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप, आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा. आमचा कोबा फोडला तेव्हा विटा ओल्या गच्च होत्या आणि लोखंडी पाइप गंजून चाळण झालेला. वरच्या फटी कितीही बुजवल्या असत्या तरी डाग जाणार नव्हता.

जाळीखाली जे भांडं बसतं त्याला प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी अशी बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही जाऊन बसली आहे. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साचलेलं असतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. बरेच दिवस घर बंद राहिलं की ते आटतं. गावाहून परतल्यावर बाथरूममध्ये वास मारतो, तो बहुधा यामुळेच.

(दृश्य: तळाशी साचवलेलं पाणी. भिंतीवर रेघ.)

नवे पाइप पडले, वॉटरप्रूफिंगचे दोन हात झाले. मग ट्रॅपचं तोंड बोळ्यानं बंद करून दोन इंच पाणी भरलं आणि पाण्याच्या काठाशी पेन्सिलीची रेघ ओढली. ४८ तास कुणी आत जायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली! एका रात्रीत इतकं काही आटत नाही. ट्रॅपच्या गळ्याशी पाझर निघाला. बाबा चिडले, "पैसे पाण्यात गेले." ताई म्हणाल्या, "काका, आज गळलं ते बरंच झालं. फरशी बसल्यावर गळलं असतं, तर परत सगळं फोडावं लागलं असतं." गळा पुन्हा भरला, पुन्हा पाणी साठवलं. या वेळी रेघ आणि पाणी जागच्या जागी.

फरशा मोरबीच्या, खरबरीत, राखाडी. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, जरी घरात सगळ्यात जास्त भांडणं त्यांच्या रंगावरूनच झाली.

दार मात्र आता बाहेर उघडतं. आत कुणी पडलं, तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. हे ताईंनी आईबाबांसमोर सांगितलं नाही. मला जिन्यात सांगितलं.

(दृश्य: तयार बाथरूम. सकाळ.)

खालच्या काकूंनी छत रंगवून घेतलं. आई उठताना दांडा धरते, न बघता. बाबा त्यावर पंचा वाळत घालतात.