आधी चावी काढून ठेवा

[दृश्य: उघडं बॉनेट. धुळीने माखलेलं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. आवाज नाही.]

ही गाडी कित्येक महिने जागची हललेली नाही. अशी गाडी हातात आली की पहिला मोह होतो तो स्टार्टर मारून बघण्याचा. तेवढा आवरा. बंद पडून राहिलेल्या इंजिनात पाणी शिरलेलं असू शकतं. हवा दाबली की आकसते, पाणी आकसत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन जोरात वर आला, तर पाण्याला जायला वाट उरत नाही आणि पिस्टनला खालून ढकलणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. पाण्याने जे बिघडलं नव्हतं, ते आपण एका झटक्यात बिघडवतो.

म्हणून बॅटरीची वायर काढली आणि गाडीखाली शिरलो.

[दृश्य: ऑइल चेंबरचा नट, खाली पसरट भांडं.]

नट हळूच सैल केला. आधी तेल आलंच नाही, पाणी आलं. पेलाभर, गढूळ. त्यामागून काळी, जाड धार. मला हायसं वाटलं. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे उभ्या गाडीत ते तळाला बसतं. ते असं वेगळं निघालं, याचा अर्थ पाणी शिरल्यावर इंजिन बहुधा फिरलेलंच नाही. फिरलं असतं तर दोन्ही घुसळून दुधाळ रबडी झाली असती आणि तीच बेअरिंगमध्ये गेली असती.

आता हे पाणी आलं कुठून? त्याला रंग किंवा गोडसर वास असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) पॅकिंग, तपासायला हवं. नुसतं पाणी असेल तर ते बहुतेक बाहेरून आलेलं. मात्र ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरा थर दिसला, म्हणून लगेच गॅस्केट गेलं असं समजू नका. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही आणि ती वाफ आतच थिजते.

[दृश्य: प्लगच्या भोकातून आत सोडलेला छोटा कॅमेरा.]

चारही स्पार्क प्लग काढले. पहिला सिलिंडर स्वच्छ. दुसराही. तिसऱ्यात मात्र भिंतीवर नारिंगी पट्टा, अगदी पिस्टनच्या कडेला चिकटून. एकाच सिलिंडरला गंज का? इंजिन थांबतं तेव्हा कुठल्या तरी सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणारी झडप, उघडा राहतो. दमट हवा तिथूनच आत जाते आणि उघड्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भिंतीला गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून पिस्टनभोवतीच्या रिंगा भिंतीला घट्ट धरून बसतात. यालाच आपण इंजिन जाम झालं म्हणतो.

प्रत्येक भोकात गंज सोडवणारं पातळ तेल ओतलं. आणि थांबलो. एक दिवस, दोन दिवस, रोज थोडं तेल. या कामात घाई करणाऱ्यांच्या रिंगा तुटलेल्या मी पाहिल्यात.

[दृश्य: क्रँक पुलीच्या (इंजिन फिरवणाऱ्या पुढच्या चाकाच्या) बोल्टवर गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा. हात जवळून.]

चौथ्या दिवशी दांड्यावर हाताचा भार दिला. नाही. पुन्हा, तेवढाच भार, जास्त नाही. मग कुठेतरी आत बारीकसं ‘कट्’ झालं आणि पुली बोटभर सरकली. तिथेच थांबलो, आणखी तेल सोडलं, मग हळूहळू दोन पूर्ण फेरे दिले. तिसऱ्या भोकातून तांबूस पाणी उडालं. भोकांवर फडकं धरलं होतं, म्हणून डोळे वाचले.

कॅमेऱ्यात पट्टा आता फिकट दिसत होता, पण मध्ये काळे ठिपके होते. गंजाचा नुसता डाग रिंगा पुसून काढतात. नखाला लागेल असा खड्डा असेल तर हेड उतरवून होन मारावा लागतो, म्हणजे भिंत घासून घ्यावी लागते; खोल असेल तर बोअर करून, म्हणजे सिलिंडर कापून रुंद करून, मोठा पिस्टन घालावा लागतो. खड्डा कॅमेऱ्यात नीट कळत नाही, म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजायचं. सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा. आमचा तिसरा पहिल्यांदा खूपच खाली होता. चमचाभर ऑइल टाकल्यावर वर चढला. ऑइलने रिंगांची फट बुजते, व्हॉल्व्हची नाही. म्हणजे व्हॉल्व्ह ठीक होते, सैल होत्या त्या रिंगा.

रेडिएटरमधून निघालेलं पाणीही तांबडं होतं. आत नुसतं नळाचं पाणी भरलेलं, गंजरोधक काहीच नाही. स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुतलं आणि डिस्टिल्ड पाणी व कूलंट निम्मं-निम्मं भरलं. तुमच्या गाडीतून जुनं कूलंट निघालं तर ते जमिनीवर ओतू नका. चवीला गोड असतं, जनावरं चाटतात, आणि ते विष आहे.

[दृश्य: नवं ऑइल, नवा फिल्टर. चावी फिरते.]

पहिल्या मिनिटाला पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट. मग तो विरळ झाला. इंजिन गरम केलं, बंद केलं, ऑइल लगेच बदललं. काही दिवस चालवून पुन्हा बदललं. तिसऱ्या वेळी डिपस्टिक पुसून परत घातली, बाहेर काढली आणि उजेडात धरली.

तेलातून पट्टीवरची खूण स्पष्ट दिसत होती.