कुसळी : माळावरच्या गवताची ओळख

(दृश्य : मुरमाड माळ, सकाळचं तिरपं ऊन, वाऱ्यावर डुलणारं तांबूस गवत)

ऑक्टोबर सरत आलाय. सासवड ओलांडून सुप्याच्या बाजूला निघालं, की असे तांबूस माळ लागतात. चार पावलं आत शिरा. परत याल तेव्हा पायमोज्यांत कुसळं रुतलेली असतील. ही कुसळं ज्याची, ते गवत म्हणजे कुसळी. शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस.

ओळखायची तर आधी खाली वाका. ठोंबाच्या, म्हणजे गवताच्या झुपक्याच्या, बुडाशी पाती चपटी, दाबून बसवल्यासारखी, एकात एक. आता वर बघा. तुऱ्यातली लांब, काळपट कुसळं एकमेकांत गुंतून त्यांची वेणी झालीय. ही वेणी दिसली की खात्री पटली. मारवेल नावाचं गवत वेगळं. ते काळ्या, खोल जमिनीत जास्त वाढतं आणि त्याच्या पेरांवर पांढऱ्या केसांचं कडं असतं.

(दृश्य : तळहातावर एक कुसळ, अगदी जवळून)

हे एकच कुसळ नीट पाहू. खाली बी, तिला सुईसारखं टोक, टोकावर मागं वळलेले राठ केस. त्यावर पाण्याचा थेंब टाकूया.

फिरायला लागलं!

ओल लागली की पीळ सुटतो, सुकलं की पुन्हा बसतो. जमिनीवर पडलेली बी दवानं आणि उन्हानं अशीच फिरत मातीत घुसते. राठ केसांमुळं ती मागं सरकत नाही. माळावर याहून देखणं मी काही पाहिलेलं नाही.

कोवळी कुसळी जनावरं आवडीनं खातात. कुसळं धरली की तोंडाला टोचतात, मेंढ्यांच्या लोकरीत अडकून कातडीत घुसतात. म्हणून धनगर तिथं आधीच कळप चारून घेतात. उन्हाळ्यात वणवा गेला तरी बुडखा जिवंत राहतो आणि पहिल्या पावसात हिरवे कोंब फुटतात. वर्षानुवर्षं तेच ठोंब.

सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात, जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरमध्ये, चिंकारा अशाच माळाच्या आधारानं जगतात. कागदावर मात्र असे कितीतरी माळ 'पडीक'. मग कोणीतरी चांगल्या मनानं झाडं लावायला येतं, ठोंब उपटून खड्डे खणतं. ते पाहताना पोटात तुटतं. दाट सावलीत कुसळी तगत नाही.

(दृश्य : दुरून, एका ठोंबाच्या आडोशाला बसलेला चंडोल)

तो बघा, चंडोल. त्याचं घरटं जमिनीवरच असतं, अशाच ठोंबाच्या बुडाशी. आम्ही इथूनच चित्रीकरण करतोय, पुढं जाणार नाही.