खोलीत राहून गेल्याची खूण

नमस्कार श्रोतेहो.

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारांसाठी जळगावहून, लातूरहून, अगदी बंगाल-आसामातून माणसं येतात. घरातून निघण्याआधीच त्यांच्यापुढे प्रश्न असतो, मुंबईत उतरायचं कुठे? पूर्वी ओळखीतल्या कुणाला तरी फोन जायचा. आता मोबाइलवर अनोळखी प्रवाशांचे रिव्ह्यू वाचून खोली ठरते. सहलीला निघालेल्याची फसगत झाली तर सुट्टी वाया जाते. पण केमो घेतलेल्या माणसाला लिफ्ट नसलेल्या लॉजचे तीन जिने चढावे लागले, तर ते हाल बघवत नाहीत. म्हणून रिव्ह्यूवर कधी भरवसा ठेवायचा, याविषयी आज बोलते.

आपल्याला वाटतं, खोटं लिहिलेलं लगेच कळतं. तसं होत नाही. 2011 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी शिकागोतल्या 20 हॉटेलांचे 400 खरे रिव्ह्यू जमवले, आणि त्याच हॉटेलांबद्दलचे 400 खोटे रिव्ह्यू पैसे देऊन लिहून घेतले. त्यातले काही माणसांना वाचायला दिले, तर त्यांचे निकाल छापा-काटा केल्यासारखेच निघाले. संगणकाने मात्र जवळपास 90 टक्के वेळा बरोबर ओळखलं. फरक शब्दांत होता. खरोखर राहून आलेली माणसं जागेबद्दल लिहीत होती: बाथरूम, मजला, खोली लहान की मोठी. खोटं लिहिणारे स्वतःबद्दल आणि बरोबरच्या माणसांबद्दल जास्त बोलत होते. मी, माझा नवरा, आमची सुट्टी, कामाचा दौरा.

ही खूण आपल्यालाही वापरता येते. ‘रूम मस्त, स्टाफ नम्र, पुन्हा नक्की येऊ’ यातून हाती काय लागतं? याउलट कुणी लिहितं, ‘रुळांच्या बाजूची खोली घेऊ नका, पहाटे चारपासून लोकलचा आवाज सुरू होतो’, किंवा ‘गरम पाणी फक्त सकाळी दोन तास येतं’, किंवा ‘लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावत नाही’. तो माणूस त्या खोलीत झोपला आहे, त्या लिफ्टपाशी उभा राहिला आहे.

आता असले तपशील यंत्राकडूनही लिहून घेता येतात, हे खरं आहे. म्हणून पडताळून बघता येईल असाच तपशील धरा. ‘टाटा हॉस्पिटलजवळ’ असं लिहिलंय? टाटाचं एक केंद्र नवी मुंबईत खारघरलाही आहे. आपल्या कागदावर परळ आहे की खारघर, ते आधी बघा. ‘एअरपोर्टजवळ’ लिहिलं असेल तर कुठलं टर्मिनल? एक नंबर सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला, दोन नंबर सहारला. नकाशा उघडून अंतर मोजायला दोन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात कितीतरी कौतुकाचा फुगा फुटतो.

तारीखही बघा. जानेवारीतल्या रिव्ह्यूत भिंतीची ओल दिसत नाही. मुंबईतली जागा मागच्या जुलै-ऑगस्टमध्ये राहून गेलेल्यांच्या तोंडून समजून घ्यावी. परळजवळच्या हिंदमाता भागात पाणी साचतं तेव्हा तिथून हॉस्पिटलपर्यंत रुग्णाला न्यायचं कसं, हे त्याच दिवसांत तिथे राहिलेला माणूस सांगू शकतो.

रिव्ह्यू लिहायची मुभा कुणाला आहे, यावरही बरंच ठरतं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दोन संकेतस्थळांची तुलना होती. एक्स्पीडियावर तिथून खोली बुक करणाऱ्यालाच लिहिता येत होतं, ट्रिपॲडव्हायझरवर कुणालाही. ज्या हॉटेलांच्या शेजारी स्पर्धक हॉटेल होतं, त्यांना खुल्या संकेतस्थळावर तुलनेने जास्त वाईट रिव्ह्यू मिळाले होते. म्हणजे शिव्यांमागेही कुणाचा तरी धंदा असू शकतो. मी स्वतः पाच स्टार आणि एक स्टार दोन्ही बाजूला ठेवते आणि मधले, तीन-चार स्टारवाले आधी वाचते. त्यांना कुणाला उचलायचंही नसतं आणि पाडायचंही नसतं.

भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक आणलं. पण ते ऐच्छिक असल्याने पारख आपल्यालाच करायची आहे. पैसे भरून फसगत झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. तो लिहून ठेवा.

आणि पैसे भरण्याआधी हॉटेलला एक फोन कराच. ‘खोली चांगली आहे ना?’ असं विचारू नका, त्याला उत्तर हो असंच येणार. ‘लिफ्ट तळमजल्यापासून आहे की आधी पायऱ्या चढाव्या लागतात? बाथरूम कमोडचं आहे का? रात्री दोनला रुग्णाला घेऊन आलो तर दार उघडायला कोण असतं?’ असं विचारा. उत्तर रिव्ह्यूशी जुळलं तर पुढे जा. टाळाटाळ झाली तर दुसरी जागा शोधा.

परळ, दादर, खारघरला राहणाऱ्या श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. गावाकडून कुणी जागा विचारली तर नुसती लिंक पाठवू नका. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाल तेव्हा त्या लॉजवर एक चक्कर टाका, खोली उघडून दाखवायला सांगा. आणि स्वतः कुठे राहून आलात, तर लिहा. कुठल्या महिन्यात राहिलात, कितव्या मजल्यावर होतात, पाणी किती वाजता येत होतं, बरोबर म्हातारं माणूस किंवा रुग्ण होता का, एवढं लिहिलंत तरी पुरे.