हेडलाईट लुकलुकतो, तेव्हा आधी काय बघायचं?

(दृश्य : रात्र, मोकळं आवार. मोटरसायकल सुरू आहे, समोरच्या भिंतीवर झोत.)

भिंतीवरच्या उजेडाकडे लक्ष द्या. हँडल सरळ आहे तोवर तो स्थिर आहे. आता हँडल डावीकडे पूर्ण वळवलं. दिवा दोनदा लुकलुकला आणि गेला. हँडल सरळ केलं, दिवा परत आला.

बल्ब ठणठणीत आहे. बिघाड आहे हँडलच्या खाली, गाडीच्या गळ्यापाशी. हेडलाईटकडे जाणाऱ्या वायरींचा जुडगा इथूनच पुढे येतो आणि हँडल वळेल तसा वाकतो. वर्षानुवर्षं वाकून वाकून आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटत जातात. वरचं आवरण मात्र शाबूत राहतं, म्हणून नुसतं पाहून काही कळत नाही. वायर चिमटीत धरून हळूहळू पुढे सरका. एखाद्या जागी ती एकदम लुळी लागली, जरा ओढल्यावर ताणली गेली, तर तुटलेली जागा तीच.

हेडलाईट लुकलुकला की बहुतेकांचा पहिला विचार नव्या बल्बचा असतो. बल्ब जरूर बदला, पण त्याआधी दिवा नेमका केव्हा लुकलुकतो ते बघा. निम्मं निदान तिथेच होतं. खड्ड्यात आदळल्यावर लुकलुकत असेल, तर कुठलातरी जोड सैल आहे. अप्पर (लांबचा झोत) नीट लागतो आणि डिपरच (जवळचा, खालचा झोत) फडफडतो, तर हँडलवरचा डिपर स्विच किंवा बल्बची तेवढी एक फिलामेंट (आतली तापून उजळणारी तार) तपासायची. इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर हेडलाईटही मंद होत असेल, तर बॅटरी अशक्त आहे किंवा अर्थिंग, म्हणजे करंट फ्रेममधून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारा जोड, खराब आहे.

आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर उजेड वाढत असेल तर? इथे घाई करू नका. काही जुन्या आणि लहान गाड्यांमध्ये हेडलाईट बॅटरीवर चालतच नाही. इंजिनच्या कॉइलमधून थेट एसी करंट घेतो. त्या गाडीत इंजिन मंद असताना दिवा मंद असणं हा बिघाड नाही. अशा गाडीत साधा एलईडी बल्ब बसवला की तो फडफडतो, आणि दोष वायरिंगवर येतो. गाडी बॅटरीवर दिवा चालवणारी असेल, तर बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिनचे फेरे वाढवल्यावर आकडा साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवा. १५च्या वर जात असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे इंजिनकडून येणारं व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग, बिघडलाय. तो बदलेपर्यंत कितीही बल्ब घाला, उडतच राहतील.

(दृश्य : बल्बच्या मागचा होल्डर, अगदी जवळून.)

हा होल्डर बघा. तीन खाचांपैकी एकीभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलंय. एच-फोर जातीच्या (अप्पर-डिपर एकातच असलेल्या हॅलोजन) बल्बचा डिपर ५५ वॅटचा असतो, म्हणजे साधारण साडेचार अँपिअर करंट. सैल पिनपाशी फक्त ०.३ ओहमचा अडथळा तयार झाला, तरी तिथे सुमारे ६ वॅट उष्णता निघते, तीही एवढ्याशा पत्र्यात. पत्रा तापतो, त्याची पकड ढिली होते, अडथळा वाढतो, पत्रा आणखी तापतो. असा होल्डर घासूनपुसून परत वापरू नका, नवा बसवा. हॅलोजन बल्बचं व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं की उजेड ३० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. पुष्कळ गाड्यांचा दिवा लुकलुकायच्या कितीतरी आधी असाच मंदावलेला असतो.

अर्थिंग तपासताना दिवा चालूच ठेवा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बल्बच्या अर्थच्या पिनेला. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला, तर फ्रेमवरचा अर्थिंगचा बोल्ट खोला, गंज आणि रंग खरवडा, पत्रा चकाकेपर्यंत. दिवा बंद ठेवून केलेली मोजणी फसवते. करंटच वाहत नसेल, तर खराब जोडही चांगला दिसतो.

कधी दिवा लुकलुकत नाही, तर झोतच थरथरतो. भिंतीवर बघितलं तर उजेड तेवढाच असतो, त्याची कड मात्र नाचते. मग वायरिंगला हात लावू नका. हेडलाईटचे बोल्ट, रबरी बुश आणि पकडपट्ट्या तपासा.

(दृश्य : भिंतीवर खडूची आडवी रेघ.)

आता झोताची दिशा. झोत वर-खाली करायच्या स्क्रूला हात लावण्याआधी बल्ब काढून परत बसवा, काचेला बोट न लावता. एच-फोरच्या कड्याला तीन कान असतात, त्यातला रुंद कान वर. बल्ब तिरका बसला तर डिपरचा उजेड वर फाकतो आणि स्क्रू कितीही फिरवला तरी जागेवर येत नाही.

टायरमध्ये हवा बरोबर भरा. गाडी सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. रोज चालवणाऱ्यानेच वर बसायचं, गाडी सरळ धरून. हेडलाईटच्या मध्याची उंची भिंतीवर आखा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. कड रेघेच्या वर गेली, तर समोरून येणाऱ्याला काही क्षण रस्ताच दिसत नाही, आणि ते तुम्हाला कळतही नाही.

मागे कायम कोणी बसत असेल किंवा सामान असेल, तर गाडीची शेपूट दबते आणि झोत वर चढतो. तेवढं वजन ठेवूनच मोजा. मागच्या शॉकअपचा ताण वाढवायची सोय असेल तर आधी तो वाढवा, आणि उरलेला फरक स्क्रूने काढा.