बाठा पोटात गेला तर

मे महिना. आमरसाचा बेत झालेला असतो, आणि चोखून टाकलेले बाठे ओट्याखालच्या डब्यात पडलेले असतात. लॅब्रेडॉरसारखं खादाड कुत्रं तिथे पोहोचलं, तर चावत बसत नाही. अख्खा बाठा गिळून मोकळं होतं.

घरचे म्हणतात, "पडेल शीतून." लहानसहान वस्तू पडतातही. पण बाठ्याच्या बाबतीत या भरवशावर राहू नका. चपटा, बुळबुळीत बाठा घशातून उतरतो, पण लहान आतडं तेवढं ताणलं जात नाही. हाडाचा तुकडा जठरातल्या आम्लात हळूहळू विरघळतो. बाठ्याचं लाकडासारखं कवच विरघळत नाही. कधीकधी तो जठरात दिवसच्या दिवस पडून राहतो. कुत्रं खातं, खेळतं, सगळे निर्धास्त होतात. मग एके दिवशी बाठा आतड्यात सरकतो आणि अडकून बसतो. आतड्याच्या भिंतीवर दाब येतो, तिथला रक्तपुरवठा तुटतो. भिंत कुजून फाटली, की संसर्ग पोटभर पसरतो.

म्हणून गिळताना पाहिलंत, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. काय गिळलं, केवढं होतं, किती वाजता, कुत्र्याचं वजन किती, एवढं सांगा. पहिल्या एक-दोन तासांत वस्तू बहुधा जठरातच असते. उलटी करवायची, दुर्बिणीने काढायची की ऑपरेशन करायचं, हे डॉक्टर ठरवतील.

घरी मिठाचं पाणी पाजू नका, अगदी कळकळीने सांगतो. रक्तातलं मीठ वाढून कुत्र्याला झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. एरंडेलही नको. अणकुचीदार वस्तू किंवा घड्याळातला बटण सेल गिळला असेल, तर उलटी करवणं अधिकच घातक. सेल अन्ननलिकेत अडकला तर काही मिनिटांतच आतून भाजायला लागतं.

दोऱ्याची गोष्ट वेगळी. एक टोक वर अडकतं, आणि नाडीवर पायजम्याचा नेफा गोळा व्हावा तसं आतडं दोऱ्यावर गोळा होतं. शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला तरी ओढू नका. आतडं चिरत जातं.

गिळताना कुणी पाहिलंच नसेल, तर लक्षणांवरून ओळखायचं. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. लाळ गळते, शी होत नाही. पुढचे पाय जमिनीला टेकवून कुत्रं मागचा भाग वर धरतं. पोट दुखत असल्याची ती खूण.

आता एक्स-रेचं बघा. धातू आणि हाड पांढरंशुभ्र उमटतं. बाठा, कापड, प्लास्टिक मात्र बऱ्याचदा दिसतच नाही. दिसतात ती अडथळ्याच्या अलीकडची, हवेने फुगलेली आतडी. डॉक्टर सोनोग्राफी सुचवतात ती यासाठी; उगाच खर्च वाढवतात असं समजू नका.

वेळेत आणलं, तर आतड्याला छोटा छेद देऊन बाठा काढता येतो. उशीर झाला, तर कुजलेला भाग कापून दोन टोकं जोडावी लागतात.

ऑपरेशननंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाकडे खास लक्ष ठेवा. आतले टाके गळण्याचा धोका तेव्हा सर्वाधिक असतो. कुत्र्याने जेवण नाकारलं, उलटी केली किंवा अंग तापलं, तर टाके काढायच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.